कॅमेऱ्याची बॅग निवडताना: खरा शत्रू कपाटात असतो

एप्रिल-मेमधली बेंगळुरूची संध्याकाळ तुम्ही कधी अनुभवली आहे? दुपारी तीनपर्यंत लखलखीत ऊन असतं. मग वारा सुटतो, गुलमोहराच्या पाकळ्या रस्ताभर पसरतात आणि बघता बघता असा पाऊस कोसळतो की दुचाकीवाले पुलाखाली एकमेकांना चिकटून उभे राहतात. त्या गर्दीत एखादा तरी असा दिसतोच, ज्याने स्वतः भिजत कॅमेरा शर्टाच्या आत धरलेला असतो. एवढा पन्नास हजारांचा कॅमेरा घेतला, पण तो ठेवायला काय? दुकानदाराने सोबत फुकट दिलेली ती काळी बॅग. तिची चेन पहिल्या महिन्यातच अडकू लागली म्हणून ती घरीच राहिली.

कॅमेरा घेताना आपण महिनाभर माहिती गोळा करतो, दहा जणांना विचारतो. बॅग मात्र पाच मिनिटांत घेतो. म्हणून आज बॅगेविषयीच बोलूया. पण त्याआधी आमच्या घरातली एक गोष्ट सांगते, कारण बॅग म्हणजे काय हे मला त्या गोष्टीनेच शिकवलं.

बाबांची यशिका

बाबा नोकरीसाठी पुण्याहून बेंगळुरूला आले तेव्हा त्यांच्या सामानात एक यशिका कॅमेरा होता. जाड तपकिरी चामड्याच्या केसमध्ये घट्ट बसवलेला. आमची बारशी, मुंजी, म्हैसूरची सहल, सगळं त्या कॅमेऱ्याने टिपलं. आम्हा मुलांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती. बाबा तो केसमध्ये घालत, बटण लावत, वरून पंचा गुंडाळत आणि लोखंडी कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवत.

पुढे डिजिटल कॅमेरे आले, मग फोन आले. यशिका वर्षातून एकदाच खाली यायची, दसऱ्याला. केसवर हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कपाटात.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीला रोल घालून फोटो काढायची हौस आली. आजोबांनी मोठ्या अभिमानाने केस उघडली. कॅमेरा बाहेरून नवा कोरा दिसत होता, पण भिंग उजेडात धरलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरलेले. दुरुस्ती करणाऱ्या वयस्कर कारागिराने भिंग उघडलं, बुरशी पुसली आणि सांगितलं, "बुरशी गेली, पण तिने काचेवरचा थर खाल्लाय. तो डाग आता जाणार नाही."

बाबा बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "मी तो एकदाही पडू दिला नाही हो."

खरंच होतं ते. त्यांनी कॅमेरा पडण्यापासून वाचवला होता. केस त्याच कामासाठी केलेली होती आणि ते काम तिने चोख केलं. पण कॅमेरा बिघडला तो त्याच केसमध्ये, बंद अंधारात, दमट चामड्याच्या मिठीत. म्हणून बॅग घेताना पहिली गोष्ट लक्षात ठेवा: बॅग ही प्रवासासाठी असते, मुक्कामासाठी नाही. बाकीचं सगळं यानंतर.

आधी घरात बसून तीन प्रश्न

दुकानात जाण्याआधी कागद घ्या आणि या तीन प्रश्नांची उत्तरं लिहा.

पहिला प्रश्न: मी नेमकं काय काय घेऊन फिरणार आहे? पुढे कधीतरी घेणार असलेली पाच भिंगं यात धरू नका. आज जे आहे आणि वर्षभरात नक्की येणार आहे, तेवढंच. मग ते सगळं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. छोटा मिररलेस कॅमेरा नेहमीच्या भिंगासकट साधारण पाऊण किलोच्या आसपास भरतो. पण पक्ष्यांसाठीचं १५०-६०० मिलिमीटरचं एकटं भिंगच सुमारे दोन किलोचं असतं. त्यात पाण्याची बाटली, छत्री आणि डबा मिळवा. हे वजन तुमच्या खांद्याला चार तास पेलणार आहे का?

दुसरा प्रश्न: मी कुठे जाणार आहे? बसवनगुडीत कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी कडलेकाई परिषे म्हणजे शेंगांची जत्रा भरते. तिथल्या गर्दीला लागणारी बॅग वेगळी आणि रंगनतिट्टूच्या होडीतून पक्षी टिपायला लागणारी वेगळी. हंपीच्या दगडांतून दिवसभर चालायचं असेल तर आणखी वेगळी.

तिसरा प्रश्न: कॅमेरा किती पटकन हातात यायला हवा? मुलांचे, रस्त्यावरचे, पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला दोन सेकंदांत कॅमेरा हवा असतो. देवळांचे आणि निसर्गाचे फोटो काढणाऱ्याला पाठीवरची पिशवी उतरवून शांतपणे उघडायला वेळ असतो.

गंमत म्हणजे जगातल्या काही नामांकित बॅगा अशाच साध्या गरजांतून जन्मल्या. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात जिम डॉमकी नावाचे वृत्तपत्र छायाचित्रकार होते. कडक, अवजड पेट्यांना कंटाळून त्यांनी जाड कॅनव्हासची मऊ पिशवी बनवून घेतली. ती सहकाऱ्यांना इतकी आवडली की तिचाच धंदा झाला. इंग्लंडमधली बिलिंगहॅम ही कंपनी तर मुळात मासेमारीच्या पिशव्या शिवायची. छायाचित्रकार त्या पिशव्या कॅमेऱ्यासाठी नेतात हे कळल्यावर तिने मोर्चा इकडे वळवला. म्हणजे गरज ओळखली की बॅग सापडते.

कोणती बॅग कुणासाठी?

*त्रिकोणी छोटी बॅग:* एक कॅमेरा आणि त्याला लावलेलं एक भिंग, एवढंच मावतं. भिंग खाली तोंड करून आत जातं. घरगुती समारंभ आणि सहलीसाठी ही पुरेशी. पहिल्यांदा कॅमेरा घेणाऱ्या बहुतेकांना हीच लागते, पण घेतात मात्र मोठी.

*एका खांद्यावरची स्लिंग:* पाठीवरून फिरवून पोटावर आणता येते. गर्दीत उत्तम, कारण सामान डोळ्यांसमोर राहतं. पण दीड-दोन किलोंच्या वर वजन गेलं की एकच खांदा दुखू लागतो.

*पाठीवरची सॅक:* वजन दोन्ही खांद्यांवर वाटलं जातं. लांब चालण्यासाठी हिला पर्याय नाही. निवडताना पाठीच्या बाजूने उघडणारी बघा. तिची चेन पाठीला टेकलेली असल्याने गर्दीत कुणाला मागून उघडता येत नाही. शिवाय चिखलात ठेवली तरी पट्ट्यांची बाजू कोरडी राहते. जड सॅक असेल तर कमरेचा पट्टा हवाच. तो नीट बांधला की बरंचसं वजन खांद्यांवरून कमरेवर उतरतं.

*कडक पेटी:* प्लॅस्टिकची, रबरी कडा असलेली, आत फोम भरलेली. होडी, जीप, धूळ, पाणी सगळ्याला पुरून उरते. पण केबिनमध्ये मावणाऱ्या आकाराची अशी पेटी रिकामीच पाच-सहा किलो भरू शकते. देशांतर्गत विमानात इकॉनॉमीच्या प्रवाशाला हातातलं सामान सहसा ७ किलोच नेता येतं. हिशोब तुम्हीच करा.

*आतला मऊ कप्पा:* ही सर्वांत कमी माहीत असलेली आणि मला सर्वांत आवडणारी गोष्ट. गादीसारखा मऊ, कप्पे असलेला डबाच म्हणा ना. तो तुमच्या रोजच्या ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या सॅकमध्ये ठेवायचा. बाहेरून कुणाला कळतही नाही की आत कॅमेरा आहे. स्वस्तही पडतो. शिवणकामाची आवड असेल तर जुनी जाड योगा मॅट कापून, वर सुती कापडाची खोळ शिवून तो घरीही करता येईल. आजीच्या गोधडीचा मोह होईल, पण तो टाळा, कारण तिचे सुटलेले धागे आणि कापूस भिंगाला चिकटतात.

दुकानात उभ्या उभ्या करायच्या परीक्षा

फोटो बघून बॅग मागवण्यापेक्षा जमेल तेव्हा दुकानात जा आणि स्वतःचा कॅमेरा सोबत न्या. विक्रेत्याला संकोच वाटू न देता या परीक्षा करा.

अंगठ्याची परीक्षा: कप्प्यांमधला फोम अंगठ्याने दाबा. तो लगेच तळाला टेकला तर उपयोग नाही. दाबल्यावर विरोध करणारा आणि सोडताच मूळ जागी येणारा फोम चांगला. सर्वांत जास्त लक्ष तळाकडे द्या. बॅगेला धक्का बहुतेक वेळा खालूनच बसतो, कारण आपण ती जमिनीवर आपटूनच ठेवतो.

चेनची परीक्षा: चेन वीस वेळा उघडबंद करा. कोपऱ्यावर अडकते का? एका हाताने उघडते का? बॅगेत सर्वांत आधी चेनच जाते आणि चेन गेली की चांगली बॅगही पोतं होते.

हलवण्याची परीक्षा: कॅमेरा आत ठेवा, बॅग बंद करा आणि हळूच हलवा. आत काही सरकल्याचं जाणवलं तर मधले कप्पे पुन्हा लावा. हे कप्पे वेल्क्रोचे आणि हलवता येणारे असावेत. बॅग फार मोठी असेल तर सामान आत आदळतं, फार तंग असेल तर बाहेरचा धक्का थेट भिंगावर जातो.

शिवणीची परीक्षा: पट्टा जिथे बॅगेला शिवलेला असतो ती जागा उलटून बघा. तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी दुहेरी शिवण हवी. सगळं वजन त्या दोन इंचांवर लटकणार असतं.

कापडाची परीक्षा: लेबलवर ६००डी, १०००डी असं लिहिलेलं दिसेल. 'डी' म्हणजे डेनियर, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तेवढा धागा जाड. पण जाड म्हणजे जलरोधक नव्हे. पाणी अडवतो तो कापडाच्या आतला लेप, आणि तोही चेनच्या फटीपुढे हतबल असतो. त्यामुळे बॅगेच्या तळाशी लपवलेलं पावसाळी आवरण आहे का, ते जरूर विचारा. नसेल तर वेगळं घ्या.

शेवटची परीक्षा आरशाची. पाठीला लावून बघा. पट्टे तुमच्या उंचीला जुळतात का? एकच बॅग नवरा-बायको दोघं वापरणार असतील तर दोघांनीही लावून बघा. आणि अंगावर मोठं नाव मिरवणारी बॅग नको. ती लांबूनच सांगते की आत महागाचा ऐवज आहे.

पाऊस, स्कूटर आणि मेट्रो

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचावर आहे, म्हणून हवा छान. पण इथे पाऊस फक्त जून ते सप्टेंबर असा नेमात राहत नाही. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो, मग मोसमी पाऊस, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा. म्हणजे वर्षातले सातआठ महिने पावसाळी आवरण बॅगेतच राहू द्या. भिजल्यावर मात्र ते ओलंच घडी करून परत कोंबू नका.

कॅमेरा स्कूटरच्या डिकीत ठेवायची सवय अनेकांना असते. शक्यतो नको. डिकीत इंजिनाची उष्णता असते आणि प्रत्येक खड्ड्याचा हादरा थेट पोचतो. पाठीवर असला की तुमचं शरीरच तो हादरा शोषून घेतं. हीच गोष्ट उन्हात उभ्या बंद गाडीची. बाहेर हवा सुखद असली तरी आत भट्टी होते.

मेट्रोच्या आणि विमानतळाच्या तपासणी यंत्रातून डिजिटल कॅमेरा, मेमरी कार्ड बिनधास्त जाऊ द्या, काही होत नाही. रोलचा कॅमेरा असेल तर मात्र क्ष-किरणांनी रोल खराब होऊ शकतो, तो हातात देऊन तपासायची विनंती करा. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या कधीही खाली जाणाऱ्या सामानात टाकू नका, त्या हातातल्या बॅगेतच न्यायचा नियम आहे. त्यांची टोकं चिकटपट्टीने झाका.

गोव्याला किंवा गोकर्णला गेलात तर बॅगेचा एक वेगळाच उपयोग कळेल. एसी खोलीतून थंड कॅमेरा एकदम दमट हवेत काढला की भिंगावर वाफ धरते. तेव्हा बॅग बंदच ठेवून बाहेर न्या आणि अर्धा तास तशीच राहू द्या. कॅमेरा हळूहळू बाहेरच्या तापमानाला येतो आणि वाफ धरत नाही.

"पण आमचा फोन हाच कॅमेरा!"

मग तुमच्यासाठीही चार शब्द. फोनचं कव्हर घेताना भिंगांभोवतीची कड भिंगांपेक्षा किंचित उंच आहे का ते बघा, म्हणजे फोन टेबलावर ठेवला तरी काच घासत नाही. चारही कोपरे जाड असावेत, कारण फोन बहुधा कोपऱ्यावरच पडतो.

फोन स्कूटरच्या हँडलवर लावून रस्ता बघता? २०२१ मध्ये ॲपलने स्वतःच इशारा दिला होता की, मोटारसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्यातली थरथर रोखणारी यंत्रणा बिघडू शकते. मोपेड-स्कूटरवरही कंपन शोषणारा स्टँड वापरा, असं त्यात म्हटलं होतं.

आणि 'आयपी६८' लिहिलंय म्हणून फोन घेऊन धबधब्याखाली उभं राहू नका. पाणी अडवणाऱ्या आतल्या पट्ट्या वयानुसार आणि पडण्या-आपटण्याने सैल होतात. भिजलेला फोन तांदळाच्या डब्यातही घालू नका. तांदळाची भुकटी आत शिरते आणि फायदा काही नाही.

घरी आल्यावर: सर्वांत महत्त्वाचं

आता पुन्हा बाबांच्या कपाटाकडे येऊया.

बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सगळीकडे असतात. त्यांना वाढायला तीन गोष्टी लागतात: दमटपणा, अंधार आणि साचलेली हवा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की त्यांचं फावतं. खायला भिंगावरची धूळ, बोटांचा तेलकटपणा पुरतो. वाढता वाढता ती आम्लं सोडते, आणि ती आम्लं भिंगावरचा थर कोरतात. बंद बॅगेत तिच्या मनासारखं सगळं असतं. चामडं आणि जाड फोम तर ओल धरून ठेवण्यात पटाईत.

म्हणून फिरून आलात की कॅमेरा बॅगेतून बाहेर काढा. मऊ ब्रशने धूळ झटका. महिनाभर वापरणार नसाल तर बॅटरी काढून ठेवा. बॅग रिकामी करून, सगळ्या चेना उघडून वाऱ्याला ठेवा.

कॅमेरा ठेवायला महागडं कोरडं कपाट हवंच असं नाही. घट्ट झाकणाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्या, डाळीसाठी घेतो तसा. त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला की झालं. ३० च्या खाली जाऊ देऊ नका, फार कोरडेपणाही आतल्या वंगणाला आणि रबराला चांगला नाही.

रंगीत सिलिका जेल ओल शोषून भरलं की त्याचा रंग बदलतो. ते ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तासदोन तास तापवलं की पुन्हा कामाला लागतं. मात्र निळे दाणे घेऊ नका. त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते आरोग्याला घातक. लहान मुलं असलेल्या घरात तर नकोच. नारिंगी किंवा पांढरे दाणे मिळतात. ते तापवायला स्वयंपाकाचं भांडं वापरू नका आणि डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. डांबरगोळ्या मात्र आत टाकू नका, त्यांची वाफ भिंगावर बसते.

आणि सर्वांत सोपा, बिनपैशाचा उपाय: कॅमेरा वापरा. आठवड्यातून एकदा बाहेर काढा, खिडकीशी उजेडात धरा, दोन फोटो काढा. वापरातल्या भिंगावर बुरशी सहसा धरत नाही.

आता यशिका कुठे आहे?

बाबांची यशिका आता बैठकीच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटात, पारदर्शक डब्यात असते. येणाजाणाऱ्याला दिसते. जुनी चामड्याची केस आम्ही टाकली नाही. ती वेगळी, रिकामी, खुंटीवर टांगली आहे. मुलीने स्वतःच्या कॉलेजच्या सॅकसाठी एक मऊ कप्पा घेतलाय आणि महिन्यातून एखादा रोल संपवते.

भिंगावरचा डाग राहिला तो राहिला. उजेड समोरून असला की फोटो जरा धूसर येतो. मागच्या महिन्यात तिने गच्चीवर आजोबांचा एक फोटो काढला. मागून संध्याकाळचं ऊन, आणि चेहऱ्याभोवती हलकंसं धुकं. बाबांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "कपाटात नसता ठेवला तर आणखी स्पष्ट आला असता."

मग जरा थांबून म्हणाले, "पुढच्या रविवारी लालबागला नेतेस का? मी काढून बघतो."

तेव्हा बॅग जरूर घ्या, विचार करून घ्या. आणि आज संध्याकाळी एक काम करा. घरातल्या कुठल्याशा वरच्या कप्प्यात, पंच्यात गुंडाळलेला एखादा जुना कॅमेरा असेल, तर तो खाली काढून उजेडात धरा. अजून उशीर झाला नसेल.